जिन्यावरून पडल्याची गोष्ट

सोफ्याच्या गाद्या शिवायच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी हळूबाई म्हणत. कामाला ती मुळीच हळू नव्हती. जाड कापडाला गोट लावावा तर तिनंच. पण कपाटाचा ड्रॉवर लावायची तो श्वास रोखून, कात्री ठेवायची ती आवाज न करता.

"अगं, कपाट आहे ते, झोपलेलं बाळ नाही," मालकीणबाई म्हणायच्या आणि हशा पिकायचा. तीही हसायची. नवऱ्याच्या घरात भांडं वाजलं की काय व्हायचं, ते सांगून सगळ्यांच्या हसण्यावर विरजण कशाला घाला?

लेकीला घेऊन तिनं ते घर सोडलं, त्याला वर्ष होत आलं होतं. तळमजल्यावरची एक खोली, दाराला भक्कम कडी. उशिरा का होईना सुटलो, असं ती स्वतःला बजावत असे. रविवारी मात्र पोर बापाकडे जायची. "काही झालं तरी बाप आहे गं तो," असं थोरल्या बहिणीनं चारदा ऐकवलं आणि हिनं मान डोलावली. मान डोलावण्यात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सोमवारी शाळेतून बोलावणं आलं. वर्गाच्या बाईंनी पोरीची बाही वर सारली. मनगटावर काळेनिळे वळ उठले होते.

"जिन्यावरून पडले. पाय घसरला. आता बरं आहे," पोर म्हणाली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

वाक्यं आईचीच होती. शेजारणीनं विचारलं तर काय सांगायचं, हे लेकीची वेणी घालता घालता तिनंच तिच्याकडून घोकवून घेतलं होतं: आई जिन्यावरून पडली, पाय घसरला, आता बरी आहे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा वाटायचं, घराची अब्रू राखतोय. अब्रू कसली डोंबलाची! पोर तेवढी खोटं बोलण्यात तरबेज झाली.

"जिन्याला बोटं असतात का हो?" बाईंनी आईकडे रोखून बघत विचारलं.

खेळताना कुणीतरी धरलं असेल, असं म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. जीभ सवयीनं तिकडेच वळत होती. तिनं ती आवरली.

"काल ही बापाकडे होती," ती म्हणाली. "तो मारतो. मलाही मारायचा. मी ठाऊक असून पाठवलं हिला."

पोरीनं दचकून आईकडे पाहिलं. मग तिचा कुर्ता ओढत कुजबुजली, "आई, मग आता मी काय सांगायचं?"

"जे झालं ते सांग, बाळा."

पोरीनं मान हलवली आणि आई पुढची वाक्यं कधी सांगते, याची वाट बघत उभी राहिली.