झोळीतली गोधडी
परवा अकोल्याच्या जुन्या शहरात अंबाडीच्या दोरांची चळत दिसली आणि मी थबकलो. वऱ्हाड मध्यप्रांतात असतानाची गोष्ट. जंगलखात्यात मी नवा कारकून होतो आणि हद्दीचे दगड तपासत मला महिनाभर मेळघाटात एकट्याने फिरायचं होतं. विंचवांच्या भीतीने दोन सागांमध्ये अंबाडीच्या दोरांनी झोळी बांधून मी तिच्यात झोपत असे, पण तो सारा पसारा पाठीवर वाहून तिसऱ्याच दिवशी खांदे सोलवटले. त्या दिवशी डाकबंगल्यावर भाजी पोचवून परतणारे एक म्हातारे माळी वाटेत भेटले. त्यांनी माझं ओझं सोडलं. “बाबू, झोळीच्या या फळ्या अन् लोखंडी कड्या कायले वाहून राहिले? दोराची गाठ पुरते.” मग त्यांनी गोधडी उचलली. “हे बी काढा. घोंगडं हाये ना?” “ती राहू द्या,” मी म्हणालो, “बायकोनं शिवलेली आहे. या पावसाळ्यात ती वारली.” मग गोधडीची नीट घडी करून त्यांनी ती आपल्या रिकाम्या टोपलीत ठेवली. “परतवाड्याले माह्या घरी ठेवतो. उतरले की घेऊन जा.” मी अडवलं नाही. पुढची चढण सहज चढलो आणि त्या सहजपणाचीच मला लाज वाटली. महिन्याने त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्या बायकोने हसून गोधडी पुढे केली. “लय मळली होती, दोनदा धुतली.” मी घडीत तोंड खुपसलं. नुसता रिठ्याचा वास आला, माझ्या बायकोच्या केसांच्या तेलाचा वास गेला होता. “चांगलं केलंत, मावशी,” मी म्हणालो. आता तो वास कसा होता, हेही मला आठवत नाही.