हॉलमधली सायकल आणि आईंचा भोंगा

माझ्या सासूबाई माझ्या पाठीमागे उभं राहून हॉर्न वाजवायच्या. भर हॉलमध्ये.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घातला, पाया पडले, आणि डोक्यात तोच हॉर्न.

झालं असं, की गेल्याच्या आधीच्या दिवाळीत राजापेठेत एका बाइकवाल्याने मला मागून उडवलं. हात मोडला. प्लास्टर निघालं, पण भीती काही निघेना.

ज्या बाईने सायकलवर चिखलदऱ्याचा घाट चढलाय, ती भाजी आणायलासुद्धा रिक्षाने जायला लागली.

म्हणून नवऱ्याने ट्रेनर आणला. ट्रेनर म्हणजे सायकलचं मागचं चाक अडकवायचा लोखंडी स्टँड. पाय मारत बसायचं, जागचं हलायचं नाही.

हिवाळाभर घरातच ट्रेनिंग करते, असं मी सगळ्यांना सांगितलं. बाहेर थंडी आहे, रस्त्यावर कापसाचे ट्रक आहेत. कारणं भरपूर होती.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, समोर बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या आणि बघत राहायच्या.

"एवढी घामानं ओली झाली. पोचली कुठी?"

मला राग यायचा. खरं बोललेलं लागतंच.

एक दिवस त्यांनी माळ्यावरून सासऱ्यांच्या भाजीच्या गाडीचा रबरी भोंगा काढला. मी डोळे मिटून पेडल मारतेय, आणि कानामागे भॉंऽऽप!

मी किंचाळले. दोन्ही ब्रेक दाबले. मग ढसाढसा रडले.

नवरा धावत आला. "आई, काहून छळून राहिली तिले?"

"छळून नाई राहिली. इथं पडली त मी हाये उचलाले. रोडवर कोन राह्यते?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप सायकलवर बसले. भोंगा वाजला.

मग रोजच. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. कधी अर्धा तास काहीच नाही आणि मी जरा निवांत झाले की भॉंप. बाई महा डांबिस होती.

संक्रांतीनंतरची गोष्ट. भोंगा वाजला आणि मी मागे न बघता ओरडले, "साइडनं घ्या ना! रोड काय तुमच्या बापाचा आहे?"

म्हटलं आणि जीभ चावली. सासू आहे ती!

आई इतक्या हसल्या की सोलून ठेवलेले सोले फरशीभर झाले. डोळे पुसत म्हणाल्या, "झाली वं तू तयार. जाय आता."

रविवारी सकाळी निघाले. तिवशाचा रस्ता. मागून ट्रकचा हॉर्न आला, हँडल घट्ट धरलं, पण ब्रेक दाबला नाही. अर्ध्यातून परत फिरले, पण गेले.

घरी आले तर आई गेटवर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू गेली तवापासून उभी हाये. चहा बी नाई घेतला."

"आई, एवढं भेव वाटत होतं तुम्हाला?"

"जीव कसा खाली-वर होऊन राह्यला होता माहा."

"मग काहून पाठवलं मला?"

"तुले जायचं होतं ना."

एवढंच बोलून चहा टाकायला आत गेल्या.

त्याच उन्हाळ्यात त्यांचं हृदय थांबलं. झोपेतच. मला बोलायचं होतं, ते राहून गेलं. माझ्या आईने मला जन्म दिला, पण मला परत रस्त्यावर सोडलं ते या बाईने, स्वतःचा जीव मुठीत धरून. हे त्यांना एकदा तोंडावर सांगायला हवं होतं.

आज पहाटे मी तिवशाला जाऊन आले. पूर्ण. जाऊन-येऊन.

परत आले तेव्हा गेटवर कोणी नव्हतं. तरी तिथे सायकल धरून थोडा वेळ उभी राहिले.

आई, पोचले हो मी. नीट पोचले.

तुम्ही आता चहा घ्या.