गळक्या सुईचा ठपका

गोगलगाईच्या मेंदूतल्या एकेका पेशीत काचेची सुई घालायची आणि पेशीच्या पातळ आवरणातून वाहणारा विजेचा प्रवाह मोजायचा, हे सुईबाईंचं बावीस वर्षांचं काम. केसाहून बारीक सुया त्या स्वतःच ओढत, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्यांना सुईबाईच म्हणत. "हात असावा तर आमच्या बाईंसारखा," असं प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक पाहुण्यांना सांगत, तेव्हा बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढे.

त्या वर्षी सुईबाई या पेशींवर शिसं मिसळलेलं पाणी सोडून बघत होत्या. शिसं अगदी नावापुरतं असलं तरी प्रवाह निम्म्यावर येई. कॅल्शियम पेशीत शिरायच्या वाटाच ते अडवून धरी. वहीच्या पानापानावर प्राध्यापकांनी सही केली होती.

सुईबाईंचा धाकटा भाऊ बॅटरीच्या कारखान्यात शिसं वितळवायच्या कामावर होता. त्याचं मनगट लुळं पडत चाललं होतं. "ताई, एवढं बटण लावून दे गं," तो हसत म्हणायचा. पुढे पुढे हसायचाही थांबला. कामगारांनी तक्रार केली, चौकशी समिती बसली आणि तज्ज्ञ म्हणून नेमलं ते प्राध्यापकांनाच. सुईबाईंनी भावाला छातीठोकपणे सांगितलं, "आता घोर सोड. सर आपले आहेत."

अहवाल हाती पडला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. 'अल्प प्रमाणातल्या शिशाचा परिणाम आढळला नाही. काही नोंदी, सुई गळकी असल्याने, वगळल्या आहेत.' सुई गळकी म्हणजे प्रवाह बाजूने झिरपून आकडा खोटा आलेला, आणि सुया तर साऱ्या बाईंच्याच हातच्या.

त्या तडक प्राध्यापकांच्या खोलीत गेल्या. "सर, कुठली सुई गळकी होती?"

"बाई, कारखाना बंद पडला तर तुमचा भाऊच घरी बसेल."

"मी सुईचं विचारतेय."

"माणसाचा हात आहे, चुकायचाच कधीतरी," ते कागदातून मान वर न काढता म्हणाले.

कारखाना त्यांना नवी प्रयोगशाळा बांधून देणार होता, हे सुईबाईंना मागाहून कळलं. नुसतं खोटं त्यांनी एक वेळ गिळलंही असतं. पण सरांनी ते त्यांच्या हातावर ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या वह्या घेऊन समितीपुढे उभ्या राहिल्या. समितीने दुसरीकडे तपासणी करवली. आकडे तेच निघाले. भावाला शिशापासून हलवलं. मनगट थोडंफार सावरलं, पूर्ण नाही. प्राध्यापकांना कोणी अवाक्षर बोललं नाही. सुईबाईंची मात्र कोठारात बदली झाली, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला.

जिन्यात गाठ पडली की प्राध्यापक अजून विचारतात, "काय बाई, बरं आहे ना?"

त्या "हो" म्हणतात आणि कठड्याला धरून त्यांना वाट देतात.