मुराळ्याशिवाय माहेरी: लातूर ते भूम

भूमला जायचं मी ठरवलं ते लातूरच्या चर्चमधल्या बाकावर, ऐन उपदेशाच्या मध्यात. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. मी तिथं नर्स होते आणि माहेर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भूमला.

आमचे म्हातारे पाळक येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला सांगत होते. निम्म्या लोकांनी द्राक्षं कधी पाहिलेली नव्हती, म्हणून त्यांनी मळ्याचं ज्वारीचं रान करून टाकलं. मालकानं रान बटईनं दिलं. खळं झाल्यावर वाटा आणायला माणूस पाठवला, तर कुळांनी त्याला बडवून हाकललं. दुसरा पाठवला, त्याचं डोकं फोडलं. शेवटी मालक म्हणाला, पोटच्या पोराला तरी मान देतील. त्याला तर जिवेच मारलं. ती माणसं म्हणजे देवानं पाठवलेले संदेष्टे आणि पोरगा म्हणजे येशू, हे मला लहानपणापासून पाठ. शेजारची बाई पुटपुटली, "मुडदे मेले!" मीही मान हलवली आणि हलवता हलवता थांबले. माझ्या दारातूनही तीन माणसं रिकामी गेली होती.

सांगते. आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून मुराळ्याची रीत काही सुटली नव्हती. सासरी नांदणाऱ्या लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं, तो मुराळी. आमच्याकडे तो दिवाळीऐवजी नाताळाला यायचा, एवढाच फरक. माझी आई गेली आणि वर्षाच्या आत अण्णांनी, माझ्या वडिलांनी, दुसरं लग्न केलं. माझं डोकंच फिरलं! पहिल्या नाताळाला चुलते न्यायला आले, त्यांना "रजा नाही" म्हटलं. दुसऱ्याला मामा आले, आईचे सख्खे भाऊ, त्यांना नाही नाही ते बोलले. तिसऱ्याला आली शांताबाई. ती स्वतः, माझी सावत्र आई! बाई कधी मुराळी म्हणून येते का? मी आतून कडी घातली. ती दुपारभर ओट्यावर बसून राहिली. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. मग गाठोडं उचलून ती गेली.

चौथ्या वर्षी कुणीच आलं नाही. अख्खा डिसेंबर मी टांग्याच्या प्रत्येक आवाजाला दाराशी जात होते. आले असते तर गेले असते का, देव जाणे. पण भूमची सकाळ, अण्णांचं खाकरणं, चुलीवरच्या दुधाचा वास, सगळं इतकं आठवायचं की ड्युटीवर डोळे पुसायची वेळ यायची.

चर्चमधून आल्यावर यजमानांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मुराळी आला नाही म्हणून माहेर कुठं पळून जातंय का? जा."

माघातली सकाळ. छोटी गाडी. आता तिथं मोठी लाइन आहे, तेव्हा अरुंद रुळांवरून खेळण्यातली वाटावी अशी गाडी जायची आणि चढाला इतकी दमायची की गडीमाणसं उतरून विडी पेटवून पुन्हा चढायची. दुपारी येडशीला उतरले. तुम्ही गेलात तर रामलिंगला जरूर जा. दरीतलं देऊळ, भोवती झाडी, फक्त पिशवी माकडांपासून सांभाळा. मी मात्र गेले नाही, जीव सगळा पुढं लागला होता. ठेल्यावर गरम भजी खाल्ली आणि भूमची यष्टी धरली. तिकीट फार नव्हतं. धूळ फुकट होती, आणि पोटभर.

शेजारी एक आजी मांडीवर हुरड्याची पुरचुंडी घेऊन बसलेली.

"कुठं चाललीस, बाय?"

"भूमला. माहेरी."

"मुराळी कुठं बसलाय?"

"आला नाही."

"अगं बया! बिनबोलावती म्हायेरी? सासरी भांडलीस व्हय?"

"माहेरीच भांडलेय, आजी. चार वर्षं झाली."

आजीनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि मूठमूठ करत अर्धा हुरडा माझ्या पदरात ओतला. "मंग रिकाम्या हातानं जाऊ नगंस."

भूमला बाजाराचा दिवस होता. गर्दीतून वाट काढत शाळेमागच्या घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. अण्णा बाजेवर वाचत होते. चष्मा वर सरकवून नुसतं म्हणाले, "आलीस?" आणि माझा बांध फुटला.

जरा वेळानं तेच बोलले. "मामा परत आले तेव्हाच ठरवलं, पोरीला आता त्रास द्यायचा नाही. मग कुणाला पाठवलंच नाही."

"मामांनंतर कुणालाच नाही?"

"कुणाला पाठवणार? ही लातूरला डोळे दाखवायला गेली होती. तुझ्याकडंही डोकावली म्हणाली, पण तू ड्युटीवर होतीस. शेजारणीनं जेवू घातलं म्हणं हिला."

स्वयंपाकघराच्या दारात शांताबाई उभी होती. तिनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. बोलू नकोस.

मी आत गेले. ती भाकरी थापत होती. मी हुरडा तिच्यापुढं ठेवला आणि विचारलं, "अण्णांनी पाठवलं नव्हतं, तर तुम्ही आलात कशाला?"

"ह्यांच्याकडं बघवंना मला," ती तव्याकडं बघत म्हणाली. "रोज यष्टीच्या टायमाला दाराशी जायचे. म्या म्हनलं, लेक माझ्यापायी अडलीया. तुला एवढंच सांगायचं हुतं, की तू ये बापाकडं. तू हाईस तवर म्या भावाकडं जाऊन ऱ्हाते."

एवढंच सांगायला ती दुपारभर बसली होती. मी तिथंच बसून रडले. "माझं चुकलं," म्हणाले. ती म्हणाली, "भाकर फुगली बघ, गरम हाय तवर खा." भाकरीबरोबर ठेचा होता. तसला ठेचा पुन्हा कुठं खाल्ला नाही.

तिसऱ्या दिवशी निघाले. ती स्टँडपर्यंत आली. यष्टी सुरू झाल्यावर मी खिडकीतून विचारलं, "पुढच्या नाताळाला मुराळी कोण?"

"म्या येते की! पर आवंदा पानी इचारशील न्हवं?"

कंडक्टर हसला. मला हसू आलं नाही.

ती आली. त्यानंतर कितीतरी नाताळांना येत राहिली, गुडघे धरले तरी आली. पाळकांच्या दाखल्यात शेवटी मालक येतो आणि कुळांचा नाश करतो. तेच भय पोटात घेऊन मी भूमला गेले होते. तसं का झालं नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आता लातूरहून भूमला जायला रस्ता चांगला आहे, पाहिजे तेव्हा गाडी मिळते. अण्णा नाहीत. आईही नाही, दोघींपैकी एकही. न्यायला कुणी येणार नाही, कळतं मला. तरी डिसेंबर लागला की दुपारी मी दाराला कडी घालत नाही, आणि ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवते.