काळ्या भुकटीची साक्ष

तो सुजलेला चेहरा अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फटी, कपाळ टरारलेले, कान लाल आणि घशातून शिट्टीसारखा आवाज. मारामारीत फुटलेली तोंडे मी पुष्कळ पाहिली होती, पण कोणी बोटही न लावता माणसाची अशी दशा होते हे प्रथमच पाहत होतो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी दोह्याच्या पोलिसात होतो. मूळचा रत्नागिरीकडचा, अरबी आणि उर्दू दोन्ही येत असल्याने आपल्याकडच्या लोकांची प्रकरणे माझ्याच टेबलावर येत. त्या सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना एक कारकून धापा टाकत आला. शेजारच्या खोलीतल्या हेडक्लार्कला त्याच्या स्वयंपाक्याने विष घातले, असे त्याचे म्हणणे. आदल्या संध्याकाळी दोघांची बाचाबाची झाली होती. नंतर स्वयंपाकी अंगणात एक काळे वाडगे खरवडून धुताना त्याने पाहिला होता.

हेडक्लार्क इस्पितळात होता, त्याला बोलता येत नव्हते. डॉक्टर म्हणाले, काहीतरी जहरी आहे, पोटातून गेले की कसे ते सांगता येत नाही, घसा आणखी सुजला तर माणूस जाईल. मी पंचनामा केला. वाडगे सापडले, कडेला काळा थर होता. स्वयंपाक्याची बोटेही काळी होती. ती मी चुलीची काजळी समजलो. अनुभवी अधिकारी म्हणवून घेत होतो, पण डोळ्यांदेखतचा पुरावा मला दिसला नाही, हे कबूल करतो.

स्वयंपाकी रायगडकडचा, हेडक्लार्कच्याच गावचा, तिशीतला साधा माणूस. मी त्याला समजावले, दरडावले, चहा पाजला, पुन्हा दरडावले. जेवण त्यानेही तेच खाल्ले होते, एवढेच तो सांगे. वाडग्याचे विचारले की मान खाली. शेवटी म्हणाला, "सायेबांना बोलता येल तवा तेच बोलतील. मी नाय बोलनार." चोराच्या मनात चांदणे, असे म्हणून मी त्याला कोठडीत टाकले. हेडक्लार्क दगावला असता तर त्या गप्प माणसाचे काय झाले असते, हे सांगायला नको.

दुपारी पुन्हा इस्पितळात गेलो. सूज कपाळावर, कानांमागे आणि मानेवर सर्वांत जास्त होती, तोंडाच्या बाजूला कमी. उशीच्या अभ्र्यावर काळे डाग होते. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. तेव्हा कुठे माझे डोके चालू लागले. वाडग्यातला काळा थर केसांच्या रंगाचा असावा.

आमच्या एका स्थानिक शिपायाची मावशी नवऱ्यामुलींना मेंदी लावायची. सगळा मोहल्ला तिला खाला म्हणे. मी वाडगे घेऊन तिच्याकडे गेलो. तिने ते नुसते हुंगले आणि बाजूला ठेवले. "मेंदीच्या पाल्याला ओल्या मातीचा वास येतो. याला नाही. यात बाजारातला केस काळे करायचा काळा दगड कुटून घातलाय. मेंदी पहिल्या दिवशी लालच येते. तासाभरात कोळसा होतो तो पाला नव्हे."

मला हसू आले. त्याच दगडाची काळी भुकटी मी वर्षभर मिशांना लावत होतो, आणि मला काही झाले नव्हते. खालाने माझ्या मिशांकडे पाहिले आणि दुकानातून थोडी भुकटी आणवली. कोपराच्या आतल्या बाजूला पैशाएवढा लेप लावला, शेजारी नुसत्या मेंदीचा दुसरा. म्हणाली, "दोन दिवस थांब. शरीर शंभरदा सोसतं आणि मग एका दिवशी तक्रार नोंदवतं."

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी मेंदीची जागा नुसती रंगली होती, आणि काळ्या लेपाखाली फोड टरारून पाणी गळत होते. मी हाताकडे बघतच राहिलो. चिमूटभर भुकटी, तीही वर्षभराच्या ओळखीची. त्या खाटेवर मीही असू शकलो असतो. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने जे एका वासात ओळखले, ते आम्हा कोणालाच ओळखता आले नव्हते. मी तिला मनोमन सलाम केला.

बाही वर करून मी तसाच कोठडीत गेलो. स्वयंपाक्याने माझा हात पाहिला आणि तो रडू लागला. "तुमालापन झाला?" मग सगळे बाहेर आले. हेडक्लार्क विधुर होता. गावाकडे त्याचे दुसरे लग्न ठरले होते, आणि मुलीकडच्यांना गेलेला फोटो दहा वर्षांपूर्वीचा होता. बोटीने जाऊन बंदरावर उतरायचे तर फोटोसारखे दिसायला हवे. मागच्या खेपेला या रंगाने त्याची टाळू चुरचुरली होती, म्हणून स्वयंपाकी "नको" म्हणत होता. तीच ती बाचाबाची. धीर धरून मेंदी लावायला वेळ नव्हता, बोट शुक्रवारची होती. आणि ही गोष्ट गावात कोणाला कळता कामा नये, असे हेडक्लार्कने स्वयंपाक्याकडून वचन घेतले होते.

मी डॉक्टरांना हात दाखवला. त्यांनी डोके भादरून धुऊन काढले, उपचार बदलले. चार दिवसांनी हेडक्लार्कने कागदावर लिहिले, "त्याला सोडा. त्याने मला अडवले होते."

खालाने त्याच्यासाठी निरोप पाठवला. रंग लावायचाच तर आधी कोपरावर लावून दोन दिवस थांबायचे, एकदा खाज सुटली की तो रंग कायमचा खलास. आणि पन्नाशीच्या तोंडावर कोळशाचा काळा उपरा दिसतो. मेंदीत निळीचा पाला घालून तपकिरी ठेवावा. हेडक्लार्कने तेही केले नाही. टकलाचा ताजा फोटो काढून गावी पाठवला. उत्तर आले की वय त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते, बोटीची तारीख तेवढी कळवावी.

स्वयंपाक्याला सोडताना मी विचारले, तुरुंगात गेला असतास, तरी तोंड का उघडले नाहीस? तो म्हणाला, "तुरुंगातना मानूस परत येतो सायेब. गावात हसा झाला त परत कुठं जानार?"

दुसऱ्याच्या लाजेसाठी त्याने स्वतःची मान पुढे केली होती, आणि मी तेच मौन डायरीत 'संशयास्पद' म्हणून नोंदवले होते. पुढची बावीस वर्षे कोणी आरोपी समोर गप्प बसला की मी आधी स्वतःला विचारी, हा स्वतःला वाचवतो आहे की दुसऱ्याला?