काठीकाका बंदूक शिकतात

संध्याकाळी बँकेचं शटर खाली येईपर्यंत काठीकाकांच्या पायांचे तुकडे पडलेले असत. घराचा जिना ते एकेक पाय वेगळा उचलून चढायचे, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे आणि जपून वर पोचवायचाय. दारात उभं राहायचं, हातात काठी, आत येणाऱ्याला मान लववायची, म्हाताऱ्यांना पायरी दाखवायची, एवढंच त्यांचं काम. एका खातेदार बाईंच्या नातवाने त्यांना काठीकाका म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मॅनेजरसुद्धा तेच म्हणायचे.

आणि एका सकाळी एजन्सीच्या साहेबाने काठीच काढून घेतली. म्हणजे हातातून नाही, तोंडाने. बँकेला आता दारात काठीवाला नको, बंदूकवाला हवा. ज्याला राहायचं असेल त्याने परीक्षा द्यायची, लेखी आणि हाताची. पास होईल तो राहील, बाकीच्यांनी वर्दी धुऊन परत आणून द्यायची.

"धुऊन कशाला? कुणी घालणार आहे का माझ्या मापाची?" काकांनी विचारलं.

साहेब हसला नाही. काकांनाही हसू आलं नाही.

घरी सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं. बायको हॉस्पिटलच्या धुलाईत चादरी भट्टीला लावायची. सोड्याच्या पाण्याने तिचे हात कोपरापर्यंत सोलवटून निघाले होते, रात्री तेल लावलं तरी आग थांबत नसे. या वर्षी तू ते काम सोड, माझ्या पगारात भागेल, असा शब्द काकांनी दिला होता. आता पगारावरच गदा. बायकोने ऐकून घेतलं, बोटांवर तेल चोळत राहिली आणि म्हणाली, "मग अभ्यास करा. मुलांच्या परीक्षेच्या वेळी करायला लावलात ना त्यांना."

अभ्यासाचा पहिला रस्ता दादांकडे जात होता. दादा म्हणजे त्याच बँकेत आत स्टुलावर बसणारे बंदूकवाले. मांडीवर दुनळी बंदूक, मिशा कातरलेल्या, आवाज खर्जातला. काका दारात आणि दादा आत, अशी दोघांची कितीतरी वर्षं गेली होती. डबा एकत्र, चहा एकत्र, काकांच्या मुलीच्या लग्नात दादाच पाहुण्यांना वाढायला उभे. दादांनी मोठ्या मनाने शिकवायला घेतलं. बंदूक बाहेरून कशी पुसायची, मांडीवर कशी ठेवली म्हणजे गुडघ्याला रग लागत नाही, लहान मूल जवळ आलं तर काय म्हणून हाकलायचं. काकांनी विचारलं, चाप ओढला की आत नेमकं काय होतं? दादांनी थोडा विचार केला.

"आतलं आतच होतं. तुला काय करायचंय?"

नोकरी लागताना शिकले त्यानंतर दादांनी गोळी झाडलेलीच नव्हती, हे काकांना तेव्हा कळलं. त्यात दादांचा दोष नव्हता. बंदूक दाखवायची असते, झाडायची नसते, असंच सगळे धरून चालले होते. संध्याकाळी पाळी बदलताना दादा गोळ्या काढून कुलपात ठेवत, बंदूक रात्रपाळीवाल्याच्या हातात देत आणि म्हणत, "रिकामी." रात्रपाळीवाला ती तशीच खुंटीला लावायचा. उघडून कुणी बघत नसे. बघणं म्हणजे देणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखंच. एकदा एका नवख्याने उघडून बघितलं, तर दादांनी त्याला आठवडाभर चहाला विचारलं नव्हतं.

मग पुस्तकं. काकांनी पहिलं पुस्तक फुटपाथवरच्या ढिगातून उचललं, कारण ते सगळ्यात जाड होतं. जगातली झाडून सगळी शस्त्रं, गुळगुळीत कागदावर. बायकोने ते चाळून पाहिलं. रणगाडे, पाणबुड्या, पंखांखाली बाँब लटकावलेली विमानं.

"हे विमान बँकेत कुठे उभं करणार? एटीएमशेजारी?" तिने विचारलं आणि पुस्तक भाताच्या पातेल्याखाली ठेवलं. ते तिथे चांगलं उपयोगी पडलं.

दुसरं पुस्तक एका शिपाईगड्याच्या शौर्याचं निघालं. त्याने एकट्याने टेकडी घेतली. काका वाचताना रंगून गेले आणि शेवटचं पान उलटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की टेकडी कशी घ्यायची ते कळलं, बंदूक उघडायची कशी ते नाही.

म्हणून ते वाचनालयात गेले. बँकेपासून दोन गल्ल्या सोडून पालिकेचं जुनं वाचनालय होतं. उंच खिडक्या, डुगडुगणारी टेबलं, धुळीने सतत शिंकणाऱ्या ग्रंथपाल बाई. वर्दीचा शर्ट घामाने भिजला होता म्हणून काकांनी तो पिशवीत कोंबून साधा शर्ट चढवला होता. डोळे जागरणाने लाल. अशा अवतारात ते टेबलाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "बंदुकीचं पुस्तक आहे का?"

बाईंचा शिक्का हवेतच थांबला.

"कशाला हवंय?"

"शिकायचंय."

"काय शिकायचंय?"

"पहिल्यापासून सगळंच."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आवाज मऊ करून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

"बायकोचा त्रास आहे," काका खरं तेच बोलले. "पण तिचा हा त्रास मी या महिन्यात संपवणार आहे."

बाईंचा हात फोनकडे सरकला. "तुमचा कुणावर राग आहे का?"

काकांना प्रश्नच कळेना. कळला तेव्हा ते समोरच्या बाकावर मटकन बसले.

"राग यायला अंगात जोर लागतो, बाई," ते म्हणाले आणि पिशवीतून वर्दीचा शर्ट काढून टेबलावर ठेवला. ओला, चुरगळलेला, खिशावर बँकेचा बिल्ला. बाईंनी शर्टाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि शिंकल्या.

त्यानंतर मात्र बाईंनी त्यांना हाताशी धरलं. बंदुकीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तसं त्यांनी सांगूनही टाकलं. पण पुस्तक कुणासाठी लिहिलंय ते त्यांना उघडल्याबरोबर कळायचं. संदर्भ विभागातून त्यांनी चार-पाच खंड काढून ओळीने मांडले. हे लढायांच्या गोष्टीने सुरू होतंय, मिटा. हे जुनी नाणी जमवावीत तशा बंदुका जमवणाऱ्यांचं, सुंदर आहे, पण तुमच्या कामाचं नाही. यात आकडेच आकडे, लिहिणाऱ्याला वाचणारा आधीच पंडित वाटतोय. मग एका मळक्या, निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाशी त्या थांबल्या. त्यात बंदूक मधोमध कापल्यासारखी चित्रं होती, प्रत्येक भागाला रेघ आणि रेघेच्या टोकाला नाव. मागे शब्दांचे अर्थ. पहिलं प्रकरण इजा होऊ नये म्हणून काय करायचं त्याचं.

"हे बघा, हा माणूस तुम्हाला काही येत नाही असं धरून चाललाय आणि त्याबद्दल तुम्हाला हसत नाहीये," बाई म्हणाल्या. "नवशिक्याने असंच पुस्तक घ्यावं. कायद्याचं मात्र वेगळं आणि नवं बघा, कायदे बदलतात. आणि यानेच लिहिलंय बघा, निव्वळ वाचून बंदूक धरू नका, शिकवणाऱ्यासमोर धरा."

पुस्तक घरी न्यायला मिळत नव्हतं. रोज बँक सुटली की काका तिथेच खिडकीशी बसून वाचायचे. वाचायचे म्हणजे अर्ध्या पानावर मान छातीवर पडायची. बाई पेन्सिलीने टेबलावर टकटक करायच्या. तेच पान परत. काडतुसाच्या बुडाशी टोला बसतो, ठिणगी पडते, दारू पेटते, छरे नळीतून बाहेर. आतलं आत काय होतं ते एकदाचं कळलं, आणि दादांना सांगावंसं वाटून ते गप्प राहिले.

कारण त्याच पुस्तकात पहिल्या प्रकरणात एक वाक्य होतं, जाड अक्षरात: हातात आलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, देणारा कोणीही असो, स्वतः उघडून बघा. काकांनी ते वाचून पुस्तक मिटलं.

"देणारा रोजच्या ओळखीचा असला तरी?" त्यांनी बाईंना विचारलं.

"पुस्तक काय म्हणतंय?"

"कोणीही असो म्हणतंय."

"मग ओळखीचा त्यात आलाच की."

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, डॉक्टरांचे कोट धुलाईला येतात तेव्हा सिस्टर सांगते, खिसे तपासलेत. मी परत तपासते. सिस्टर रुसते. "रुसू दे. सुई मला टोचणार आहे, तिला नाही."

परीक्षा एजन्सीच्या पत्र्याच्या शेडमागे झाली. लेखी पेपर काकांनी सावकाश, बँकेचे फॉर्म भरतात तसा लिहिला. मग हाताची परीक्षा. फौजेतून निवृत्त झालेला परीक्षक खुर्चीत बसला होता, आणि बंदूक हातात द्यायला उभे केले होते ते दादा, बँकेतली आपली दुनळी घेऊन. सगळ्यात जुने म्हणून त्यांना मान दिला होता. दादा खूश होते. इस्त्रीची वर्दी, मिशांना तेल. पुढचे गडी एकेक करून गेले. दादा म्हणायचे "रिकामी", गडी घ्यायचा, खांद्याला लावायचा, परत द्यायचा.

काकांची पाळी आली. दादांनी डोळे मिचकावले.

"रिकामी आहे, घे. उरक लवकर, चहा सांगितलाय."

बंदूक हातात आली. घ्यावी आणि खांद्याला लावावी, झालं. दादा खोटं बोलत नव्हते, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. दादांच्या मांडीवर एवढी वर्षं तीच बंदूक होती. त्यांनी नळीचं तोंड जमिनीकडे केलं, बोट चापापासून लांब धरलं, खटका सरकवला आणि बंदूक मधून वाकवून उघडली. दोन्ही नळ्यांतून पलीकडची माती दिसली. रिकामी. त्यांनी ती मिटली, मग खांद्याला लावली, मग दादांना परत केली. दादांनी ती काकांकडे न बघता घेतली.

परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मग दादांना विचारलं, तुमच्या बँकेत पाळी बदलताना काय करता. दादांनी सांगितलं. सगळ्यांसमोर, खर्जातला आवाज खाली खाली जात. न उघडता बंदूक घेतलेल्या आधीच्या गड्यांना पुन्हा यायला सांगण्यात आलं. काका पास.

चहाच्या गाडीवर दादा आले, म्हणजे आलेच नाहीत असं नाही. ग्लास हातात धरून उभे राहिले.

"माझ्याकडून कधी भरलेली आली होती?"

"नाही."

"मग?"

काकांकडे बरंच होतं सांगायला. पुस्तकातलं ते वाक्य, सिस्टरची सुई, ठिणगी. पण उभ्या उभ्या सगळं अंग इतकं ढिलं पडलं होतं, की शब्द जमवायचे म्हणजे पुन्हा एक पाळी करण्यासारखं वाटलं.

"घरी हिला काम सोडायचंय, दादा."

दादांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की पुरे म्हणून, कळलं नाही. अर्धा चहा त्यांनी गाडीवर तसाच ठेवला आणि ते वळले.

घरी बायको भिंतीला टेकून बसली होती. काकांनी पास झाल्याचं सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले, आणि काकांना वाटलं ती झोपली.

"दादा काय म्हणाले?" तिने तसंच मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"अर्धा चहा टाकून गेले."

तिने सुस्कारा टाकला. मग म्हणाली, उद्या कामावर जावंच लागेल, भट्टीवर नवी बाई लावलीय, तिला दाखवायचंय. परवा मुकादमाला सांगते.

"परवा नक्की?"

"नक्की," ती म्हणाली आणि तेलाची बाटली त्यांच्याकडे सरकवली. काकांनी तिचा हात मांडीवर घेतला आणि कोपरापासून खाली हळूहळू चोळायला लागले.