उसनं कुंकू

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण त्या आठवड्यात मला तिचा चक्क राग आला होता. साठ सालानंतरची गोष्ट. छप्पन्नाव्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि घरी बसून तांदूळ निवडण्याचा कंटाळा येऊ लागला होता, तोच मालवणात सिनेमाची मंडळी उतरली. एका खलाशाच्या म्हाताऱ्या आईचं छोटं काम होतं आणि त्यासाठी त्यांना इथलीच बाई हवी होती. तीस वर्षं मी स्नेहसंमेलनात मुलांची नाटकं बसवली, विंगेत उभी राहून त्यांची वाक्यं पुटपुटले, पण स्वतः कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. विधवा मास्तरीणबाईंना नाटकात कोण घेणार? जन्मात एकदा तरी आपण उभं राहून बघावं, ही इच्छा मी कुणाजवळ बोललेही नव्हते. मनाचा हिय्या केला आणि चाचणीला गेले.

चाचणी आमच्याच शाळेत, माझ्याच जुन्या वर्गात होती. तीन वाक्यं बोलायची होती. पहिल्याला माझी बोबडी वळली, दुसरं साफ विसरले, तिसरं मात्र असं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. दिग्दर्शकांचे मदतनीस भले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, आवाजात माया आहे. परवा सकाळी पोशाख करून या, दिग्दर्शक स्वतः बघतील. फक्त एक आहे. गोष्टीत हिचा नवरा जिवंत आहे. कुंकू लावावं लागेल, हिरव्या बांगड्याही." मी मान हलवली आणि बाहेर आले.

घरी थोरल्या जाऊबाईंना सांगितलं. माझे यजमान गेल्यापासून मी त्यांच्याच घरी राहत होते आणि त्यांनी मला कधी काही कमी पडू दिलं नव्हतं. त्या माजघरातूनच म्हणाल्या, "ह्या वयात तुका ह्यो काय नाद लागलो गो? लोक तोंडात शेण घालतले!" मनातून मलाही तीच भीती होती. पुसलेलं कुंकू सिनेमासाठी लावणं पाप तर नव्हे? नाही म्हणून टाकावं, तर आयुष्यभराची एकच हौस हातातून जात होती. शेवटी ठरवलं, धामापूरच्या भगवतीला कौल लावायचा. माझं कुंकू नेताना देवीनं मला विचारलं नव्हतं, मी मात्र तिला विचारायला निघाले होते. रागाचं कारण हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं धामापूर गाठलं. गुरवांनी देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काम काय ते सांगायची मला लाज वाटली, नुसतं "मनात एक गोष्ट आहे" एवढंच बोलले. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्या लेकीच्या मनात जां काय आसा, तेचो कौल दी." मी हात जोडून उभी. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. एकही पाकळी हलली नाही. गुरव हळूच म्हणाले, "बाय, आज देवी बोलणा नाय. परत कधीतरी येवा." मला परत कधीतरी नव्हतंच, दुसऱ्याच दिवशी सकाळी जायचं होतं. देवीनंही मला वाऱ्यावर सोडलं असं वाटलं आणि मी देवळाजवळच्या तळ्याच्या पायऱ्यांवर येऊन रडत बसले.

तिथे एक म्हातारी देवीची ओटी भरून आली होती. नव्वदीची असावी, दृष्टी पार गेलेली. माझी चाहूल लागली तशी चाचपडत जवळ आली, माझी हनुवटी धरली आणि करंड्यातलं कुंकू थेट माझ्या कपाळाला टेकवलं. मी दचकून ओरडले, "आजी, माका लावू नको गो! माझो घोव जावन तीस वर्सां झाली." मला वाटलं, ती हात झटकेल. तिनं माझा हात मात्र घट्ट धरून ठेवला. "माका खंय दिसता? देवीन माझो हात धरून लावला," ती म्हणाली. मग हसली. "ही देवी पयले गोरगरिबांक लग्नाक दागिने देय, म्हायत आसा मा? मिरवूचे आणि काम झाला काय परत दिवचे. तसाच ह्यां समज. काम झाला काय परत दी." सिनेमाचा शब्दही तिच्याजवळ मी काढला नव्हता. ती कोण, कुठली, हे विचारायचंही भान मला उरलं नाही. तिला हात देऊन वर रस्त्यापर्यंत पोचवलं, एवढंच आठवतं.

त्या दिवशी कपाळ न पुसताच मी घरी आले. जाऊबाई कपाळाकडे बघतच राहिल्या. सकाळी चेहरा रंगवणारे गृहस्थ मी विधवा म्हणून कुंकवाची डबी हातात घेऊन घुटमळले, तेव्हा मी म्हटलं, "द्या इकडे, मी लावते." दिग्दर्शकांनी होकार दिला आणि दोन दिवसांनी किनाऱ्यावर तीनही वाक्यं मी न अडखळता बोलले. गर्दीत मागे छत्री धरून जाऊबाई उभ्या होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, "तिसरा वाक्य बरा बोललंस." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

कौल म्हणजे उजवं किंवा डावं, असं मी धरून बसले होते. माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या वाटेनं यावं, हेही देवीला मीच सांगत होते. आता काही मागताना वाट तिच्यावर सोडते. जीव हलका राहतो.

किनाऱ्यावरचं काम झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून मी पुन्हा धामापूरला गेले होते. सव्विसाव्या वर्षी माझं कुंकू पुसलं तेव्हा दोघींनी माझे हात धरले होते, आणि पुसणारी तिसरीच होती. या वेळी तळ्याच्या पायरीवर मी एकटी बसले, ओंजळीत पाणी घेतलं आणि माझ्या हातानं कपाळ धुतलं. डोळ्यांत पाणी होतं, पण दुःख शोधूनही सापडलं नाही. देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि म्हटलं, "आई, तुझां तुका."